हजार खणांची पेटी

गोष्ट आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टपासून सुरू होते. रिपोर्ट लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, कारण ग्रुपच्या मते माझं इंग्लिश त्यातल्या त्यात बरं. दुसऱ्या चॅप्टरमध्ये 'स्ट्रेंग्थ' हा शब्द एकाच पानावर अकरा वेळा आला. शाळेत बाईंनी बजावलं होतं की निबंधात तोच तोच शब्द पुन्हा वापरू नये. मग काय, शब्दावर कर्सर ठेवला, शिफ्ट आणि एफ-सेव्हन दाबलं आणि बाजूला उघडलेल्या यादीतून एकेक शब्द उचलत गेलो. कुठे पॉवर, कुठे फोर्स, कुठे टफनेस, कुठे स्टिफनेस. पान एकदम श्रीमंत दिसायला लागलं!

दुसऱ्या दिवशी गाईडनी ते पान वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, की तुम्ही एकाच सळईची एकच टेस्ट केली आहे की चार वेगवेगळ्या? आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो. रिपोर्ट पुन्हा लिहावा लागला, प्रिंट पुन्हा काढाव्या लागल्या, बाइंडिंगवाल्याकडे पुन्हा रांग लावावी लागली.

राग आला तो गाईडचा नाही, ती यादी बनवणाऱ्याचा. म्हटलं, अशी फसवी यादी काढली तरी कुणी? कॉम्प्युटरमधली यादी अर्थातच कुठल्या कंपनीची होती, पण तिचा खापरपणजोबा शोधत गेलो तेव्हा लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक सापडलं, 'रॉजेट्स थिसॉरस'. आणि त्या पुस्तकामागे सापडला एक माणूस. मला वाटलं होतं की हा कोणी कवी किंवा इंग्रजीचा प्रोफेसर असणार. निघाला डॉक्टर! आणि नुसता डॉक्टर नाही, तर स्लाइड रूलमध्ये सुधारणा करणारा, विजेवर पुस्तकं लिहिणारा आणि लंडनच्या पाणीपुरवठ्यावर रिपोर्ट देणारा. म्हणजे जवळजवळ आपल्यातलाच. त्याची ही हकिकत.

पीटर मार्क रोझे यांचा जन्म १८ जानेवारी १७७९ रोजी लंडनच्या सोहो भागात झाला. (स्पेलिंग बघून आपण रॉजेट म्हणतो, पण आडनाव फ्रेंच वळणाचं, उच्चार रोझे.) वडील जाँ रोझे मूळचे जिनिव्हाचे, लंडनमधल्या फ्रेंच प्रॉटेस्टंट चर्चचे पाद्री. पीटर चार वर्षांचा असताना, १७८३ मध्ये, ते क्षयाने वारले. आई कॅथरीन सतत काळजीत असणारी, एका घरात फार दिवस न टिकणारी. पुढे तिचं मानसिक स्वास्थ्यही ढासळलं. पोराला आधार होता तो मामाचा. मामा सॅम्युएल रोमिली म्हणजे लंडनचा बडा वकील, पुढे खासदार झाला आणि किरकोळ चोरीलाही फाशी देणाऱ्या तेव्हाच्या कायद्यांविरुद्ध पार्लमेंटमध्ये लढला.

घर असं अस्थिर, म्हणून की काय, पीटरला लहानपणापासून याद्या करायचा नाद लागला. आठव्या वर्षी त्याने एक वही केली होती. त्यात लॅटिन शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ, तेही विषयवार लावलेले. आपण आठव्या वर्षी स्टिकर गोळा करायचो. हा शब्द गोळा करत होता.

चौदाव्या वर्षी, १७९३ मध्ये, तो एडिंबरा विद्यापीठात दाखल झाला आणि १७९८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी एम.डी. होऊन बाहेर पडला. आपण त्या वयात फर्स्ट इयरच्या केटी मोजत असतो! प्रबंध होता रासायनिक आकर्षणाच्या नियमांवर. कुठला पदार्थ कुणाशी जुळतो, कुणाला दूर ठेवतो, याचा अभ्यास. पुढे आयुष्यभर शब्दांच्या बाबतीत त्यांनी हेच केलं असं म्हणायचा मोह होतो, पण असो.

डिग्री हातात, पण एवढ्या पोरसवदा डॉक्टरकडे पेशंट येणार कोण? मग काही काळ ब्रिस्टलला थॉमस बेडोज यांच्या संस्थेत काढला. तिथे हंफ्री डेव्ही नावाचा दुसरा तरुण नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, स्वतः हुंगत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्यालाही हुंगायला देत होता. बहुतेकांना मजा आली. रोझेंना नाही. गरगरणं आणि विचारांवरचा ताबा सुटणं त्यांना मुळीच आवडलं नाही. मनावरचा ताबा सुटणं म्हणजे काय, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं.

१८०२ मध्ये एक चांगली नोकरी चालून आली. मँचेस्टरच्या एका श्रीमंत कापड गिरणीवाल्याच्या दोन मुलांना घेऊन युरोप फिरवायचा, शिकवायचं आणि सांभाळायचं. पॅरिस झालं, जिनिव्हा झालं, आणि मे १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटलं. नेपोलियनने फ्रान्सच्या ताब्यातल्या भागात सापडलेल्या प्रौढ इंग्रज पुरुषांना अटकेत ठेवायचा हुकूम काढला, आणि जिनिव्हा तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात. मुलं वयाने लहान म्हणून त्यांना तसा धोका कमी, खरा धोका होता मास्तरांना. रोझेंनी शक्कल लढवली. वडील जिनिव्हाचे, म्हणून आपणही जिनिव्हाचेच, असे कागद मिळवले आणि अधिकाऱ्यांपुढे ठेवले. माणूस तोच, फक्त यादीतला रकाना बदलला! सुटकेचा परवाना मिळाल्यावर साध्या कपड्यांत, आपण इंग्रज आहोत हे कुणाला कळू न देता, मुलांसह ते स्वित्झर्लंडमार्गे जर्मनीत निसटले. त्यांच्या ओळखीचा लॉव्हेल एजवर्थ मात्र पकडला गेला आणि १८१४ पर्यंत फ्रान्समध्येच अडकून पडला.

१८०४ मध्ये मँचेस्टरच्या इन्फर्मरीत डॉक्टर म्हणून काम मिळालं. गिरण्यांचं शहर, धूर, गर्दी, साथीचे रोग. दिवसभर पेशंट, संध्याकाळी शरीरशास्त्रावर व्याख्यानं. व्याख्यान लिहिताना नेमका शब्द अडायचा. कल्पना डोक्यात स्पष्ट, पण तिला बसेल असा शब्द जिभेवर येत नाही, हा अनुभव आपल्यालाही व्हायवात येतोच. फरक एवढाच की आपल्याकडे बहुतेक वेळा कल्पनाही स्पष्ट नसते.

१८०५ मध्ये त्यांनी स्वतःसाठी एक छोटी वही बांधली. डिक्शनरीत शब्द माहीत असतो आणि अर्थ शोधायचा असतो. रोझेंची वही बरोबर उलटी होती. अर्थ माहीत आहे, शब्द शोधायचा आहे. मग ए-बी-सी-डी क्रम काय कामाचा? शब्द अर्थाप्रमाणे लावले, एका कल्पनेचे सगळे शब्द एका जागी. ही वही त्यांनी कुणाला विकायला काढली नाही. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ती त्यांच्या टेबलावर स्वतःच्या कामापुरती होती.

१८०८ मध्ये ते लंडनला आले. प्रॅक्टिस, गरिबांसाठीच्या दवाखान्यात मोफत सेवा, व्याख्यानं, ब्रिटानिका विश्वकोशासाठी लेख, सगळं एकदम चालू. आणि याच धबडग्यात १८१४ साली त्यांनी रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचून दाखवला, तो आपल्या खास आवडीचा.

आमच्या काकांकडे कपाटात एक जुना स्लाइड रूल आहे. कॅल्क्युलेटर येण्याआधी इंजिनिअरच्या खिशात हाच असायचा. साध्या स्लाइड रूलवर आकडे लॉगरिदमच्या अंतरावर कोरलेले असतात. दोन लांब्या एकापुढे एक ठेवल्या की लॉगची बेरीज होते, म्हणजेच आकड्यांचा गुणाकार. पण घात काढायचा असेल तर? समजा कॉम्प्रेसरच्या प्रेशर रेशोचा ०.२८६ वा घात हवा आहे. त्यासाठी लॉगला ०.२८६ ने गुणायला हवं, आणि गुणाकार म्हणजे पुन्हा लॉगची बेरीज. रोझेंनी पट्टीवर आकडे त्यांच्या लॉगच्या लॉगएवढ्या अंतरावर कोरले. आता एक पट्टी सरकवली की घात तयार, उलट वाचलं की मूळ तयार. ही लॉग-लॉग स्केल. १८१५ मध्ये निबंध छापून आला आणि त्याच वर्षी त्यांना रॉयल सोसायटीचं सभासदत्व मिळालं. पुढे ही कल्पना बरीच वर्षं पडून राहिली. विसाव्या शतकाच्या तोंडावर थर्मोडायनॅमिक्स आणि विजेच्या कामात घातांची गरज रोज पडायला लागली, तेव्हा लॉग-लॉग स्केल इंजिनिअरांच्या स्लाइड रूलवर येऊन बसली.

आयुष्य मात्र पट्टीसारखं सरळ सरकत नव्हतं. १८१८ च्या ऑक्टोबरच्या शेवटी मामी वारली. मामा, तो पार्लमेंट गाजवणारा रोमिली, दुःखाने पार खचला. रोझे डॉक्टर म्हणून आणि भाचा म्हणून त्याच्याजवळ होते. तरी २ नोव्हेंबरला मामाने आत्महत्या केली. वडिलांच्या जागी असलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर गेला आणि आपण डॉक्टर असून काही करू शकलो नाही, हा घाव त्यांना फार दिवस पुरला. काही काळ त्यांनी प्रॅक्टिसकडे पाठ फिरवली.

पुन्हा उभे राहिले ते कामानेच. १८२४ मध्ये लग्न झालं, पत्नी मेरी लिव्हरपूलची. त्याच वर्षी त्यांनी एक गमतीचा निबंध वाचला. उभ्या गजांच्या कुंपणापलीकडून गाडी जाताना चाकाचे आरे वाकडे का दिसतात, याचं गणित त्यात होतं. डोळ्यावर उमटलेलं चित्र क्षणभर टिकतं, असं त्यांचं स्पष्टीकरण. सिनेमाच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचं नाव यामुळे येतं. हलत्या चित्राचं पूर्ण स्पष्टीकरण एवढ्याने होत नाही असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे, पण रोझे सिनेमाबद्दल बोलतच नव्हते, ते चाकाबद्दल बोलत होते.

सिव्हिलवाल्यांनी इथे कान टवकारावेत. १८२८ मध्ये लंडनच्या पाणीपुरवठ्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या तीन जणांच्या सरकारी कमिशनने रिपोर्ट दिला. एक होते थॉमस टेलफर्ड, म्हणजे मेनाई सामुद्रधुनीवरचा झुलता पूल बांधणारे इंजिनिअर. दुसरे रसायनशास्त्रज्ञ विल्यम ब्रँड. तिसरे डॉ. रोझे. शहराची घाण थेम्समध्ये सोडायची आणि तिथलंच पाणी प्यायला उचलायचं, अशी तेव्हाची व्यवस्था. अशा रिपोर्टमध्ये शब्द जपून वापरावे लागतात. पाणी क्लिअर आहे, क्लीन आहे, प्युअर आहे की होलसम आहे? मराठीत नितळ, स्वच्छ, शुद्ध, आरोग्यदायक. घरी आपण चारही एकाच अर्थाने बोलतो. पण गाळ खाली बसला की पाणी नितळ होतं, शुद्ध होत नाही. पुढच्याच वर्षी, १८२९ मध्ये, चेल्सी वॉटरवर्क्सने जेम्स सिम्प्सन यांच्या डिझाइनचा वाळूचा फिल्टर सुरू केला. तरी नितळ आणि निरोगी यांतला फरक लंडनला कळायला आणखी वेळ लागला. १८५४ मध्ये कॉलऱ्याचा उद्रेक झाला तो ज्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपामुळे, हे जॉन स्नो यांनी दाखवून दिलं, त्या पंपाचं पाणी लोक चांगलं म्हणून मुद्दाम भरून न्यायचे.

याच काळात रोझे स्वस्त, सोपी विज्ञानपुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेसाठी वीज, गॅल्व्हॅनिझम आणि चुंबकत्व यांवर लिहीत होते. फिजिक्सच्या लॅबमध्ये तांब्याची एक हलकी स्प्रिंग टांगलेली आणि तिचं टोक पाऱ्याला टेकलेलं असं एक उपकरण असायचं, आठवतं का? करंट सोडला की वेटोळी एकमेकांना ओढतात, स्प्रिंग आखडते, टोक पाऱ्यातून सुटतं, करंट तुटतो, स्प्रिंग पुन्हा खाली येते, की पुन्हा करंट. तीच रॉजेट्स स्पायरल, आपल्याच डॉक्टरसाहेबांच्या नावाची.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १८२९ च्या गॅल्व्हॅनिझमवरच्या पुस्तकातलं एक आर्ग्युमेंट. व्होल्टाचं म्हणणं होतं की दोन वेगळे धातू नुसते एकमेकांना टेकले की वीज तयार होते. रोझेंनी प्रश्न टाकला, की नुसतं टेकल्याने, काहीही खर्च न होता, वीज अखंड वाहत राहणार असेल तर ते फुकटात कायम चालणारं यंत्र झालं. असं यंत्र निसर्गात कुठे दिसत नाही. म्हणून विजेच्या मागे काहीतरी खर्च होत असलं पाहिजे, आणि ते म्हणजे बॅटरीतली रासायनिक क्रिया. पुढे फॅरडे यांना हे आर्ग्युमेंट सापडलं तेव्हा त्यांनी त्याचं श्रेय मोकळेपणाने रोझेंना दिलं.

आता बघा, हा सरळसरळ एनर्जी कन्झर्वेशनचा मुद्दा आहे. पण रोझेंकडे 'एनर्जी' हा शब्द आजच्या अर्थाने नव्हताच. थॉमस यंग यांनी १८०७ मध्ये तो सुचवला होता, पण रुळला नव्हता. लोक पॉवर म्हणायचे, फोर्स म्हणायचे, दोन्ही एकाच वाक्यात म्हणायचे. हेल्महोल्ट्झ यांनी १८४७ मध्ये आपला प्रसिद्ध जर्मन निबंध लिहिला तेव्हाही त्याच्या शीर्षकात 'क्राफ्ट', म्हणजे फोर्स, हाच शब्द होता. विल्यम थॉमसन आणि रँकिन यांनी १८५० नंतर एनर्जी हा शब्द पक्का केला. त्यानंतर कुठे न्यूटन, वॅट आणि ज्यूल या तीन वेगळ्या वाटा झाल्या. शब्द वेगळे होईपर्यंत शास्त्रज्ञांचीही आमच्या रिपोर्टसारखीच गत होती. फक्त त्यांना शिफ्ट एफ-सेव्हनचा बहाणा नव्हता.

१८२७ ते १८४८, तब्बल एकवीस वर्षं, रोझे रॉयल सोसायटीचे सेक्रेटरी होते. सभेत वाचल्या जाणाऱ्या निबंधांचे सारांश छापण्यासाठी तयार करणं हे त्यांचं काम. फॅरडे, हर्शेल, कोण कोण! दुसऱ्याने वीस पानांत सांगितलेलं एका पानात आणायचं, आणि त्याचा अर्थ तसूभरही हलू द्यायचा नाही. कुणाचा रिपोर्ट शॉर्ट करून बघा, मग कळेल. एक शब्द बदलला की क्लेम बदलतो. ही एकवीस वर्षांची हमाली, आणि शेजारी ती १८०५ ची वही. थिसॉरस एका बैठकीत नाही, या अशा कामातून तयार झाला असं मला वाटतं.

मधल्या काळात, १८३३ मध्ये, मेरी कॅन्सरने गेली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मुलगी केट आणि मुलगा जॉन लुइस लहान. पुढे आईही गेली. १८४८ मध्ये बरीच टीका ऐकून घेऊन त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं. वय एकोणसत्तर. बाकीचे लोक या वयात बागेत बसतात. रोझेंनी जुनी वही बाहेर काढली.

चार वर्षं ते तिच्यावर बसले आणि १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, लाँगमन कंपनीने 'थिसॉरस' प्रसिद्ध केला. सहा मोठे वर्ग: अमूर्त संबंध, अवकाश, द्रव्य, बुद्धी, इच्छा आणि भावना. त्यांच्या पोटात एक हजार कल्पना, प्रत्येकीला नंबर. आणि पानावर विरुद्ध कल्पना समोरासमोर, घनता इकडे तर विरळपणा तिकडे. हजार खणांची पेटीच म्हणा ना. थिसॉरस या ग्रीक शब्दाचा अर्थ खजिना. आपल्याकडे कोश म्हणजे तरी काय? खजिनाच. गंमत म्हणजे रोझेंनी प्रस्तावनेत, आपल्या आधी अशी विषयवार मांडणी कुणी केली हे सांगताना, पहिलं नाव घेतलं आहे अमरकोशाचं! कोलब्रुक यांचं भाषांतर १८०८ मध्ये श्रीरामपूरला छापलं गेलं होतं, ते त्यांना माहीत होतं. अर्थात अमरसिंहांची वर्गवारी त्यांना फार सदोष वाटली, आणि तसं त्यांनी स्पष्ट लिहिलंही. अमूर्त कल्पनांसाठी ती कच्ची आहे असं त्यांचं म्हणणं. पाठ करण्यासाठी रचलेल्या श्लोकबद्ध ग्रंथाला त्यांनी खणांच्या पेटीचे नियम लावले, हे मला तरी थोडं अन्यायाचं वाटतं.

आता माझ्या मूळ रागाकडे येतो. या पेटीत एक गोष्ट रोझेंनी मुद्दाम ठेवली नाही. व्याख्या! शेजारच्या दोन शब्दांत फरक काय, हे पुस्तक सांगत नाही. असं सांगणारी पुस्तकं त्या काळी नव्हती असं नाही. जॉर्ज क्रॅब यांचं समानार्थी शब्दांतले भेद समजावणारं पुस्तक १८१६ पासून बाजारात होतं. रोझेंनी प्रस्तावनेत स्वच्छ सांगून टाकलं आहे, की ते आपलं काम नाही. वाचणाऱ्याला काय म्हणायचं आहे हे त्याला आधीच माहीत आहे असं ते धरून चालतात. शब्द समोर दिसले की योग्य तो त्याला ओळखू येईल. ही पेटी विसरलेल्यासाठी आहे. ज्याला मुळात माहीतच नाही त्याच्यासाठी नाही.

आणि आम्ही नेमके दुसऱ्या गटातले.

द्रव्याच्या वर्गात जाऊन बघा, आपल्या मटेरियल्सचा अख्खा सिलॅबस तिथे आहे. हार्डनेसच्या खणात रिजिडिटी आणि स्टिफनेस. इलॅस्टिसिटीच्या खणात रेझिलियन्स. टेनॅसिटीच्या खणात टफनेस आणि स्ट्रेंग्थ एका ओळीत. बोलण्यात ते शेजारी आहेतच, त्यात रोझेंची चूक नाही. पण टेस्टिंग लॅबमध्ये प्रत्येकाचं मशीन वेगळं. हार्डनेस म्हणजे पृष्ठभागावर खाच पडायला होणारा विरोध, ब्रिनेल किंवा रॉकवेलवर मोजायचा. टफनेस म्हणजे तुटेपर्यंत किती ऊर्जा गिळली, त्यासाठी चार्पीचा लोलक. काच हार्ड असते, टफ नसते. हॉस्टेलच्या मेसमधली चपाती टफ असते, हार्ड नसते. मराठीत टणक, चिवट, ताठ, ठिसूळ असे शब्द आपण जन्मापासून न चुकता वापरतो. टणक लाडवाला कुणी चिवट म्हणत नाही. इंग्रजीत गेलो की मात्र सगळे एकाच पोत्यात.

आमच्याच पानावरचं उदाहरण. माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ साधारण २५० मेगापास्कल, एफई ५०० सळईची ५००. स्ट्रेंग्थ दुप्पट. पण यंग्ज मॉड्युलस दोघांचा जवळजवळ सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. म्हणजे त्याच जाडीच्या, त्याच लांबीच्या दोन सळया घेतल्या आणि यील्डच्या आतला तोच लोड लावला, तर दोन्ही सारख्याच लांब होणार. मी स्ट्रेंग्थच्या जागी स्टिफनेस टाकला तेव्हा भाषा सुधारली नव्हती, तर स्टीलची एक अशी प्रॉपर्टी दुप्पट करून टाकली होती जी जगातल्या कुठल्याही मिलमध्ये दुप्पट झालेली नाही. तो आकडा वाचून कुणी डिफ्लेक्शन काढलं असतं तर? रिपोर्ट फक्त गाईडनी वाचला हे नशीब. आता तर सिमिलॅरिटीचे टक्के खाली आणायला अख्खा पॅराग्राफ एका क्लिकवर फिरवून देणारी टूल्स आली आहेत. ती बिचारी 'स्ट्रेस'चं 'प्रेशर' करतात, दोन्हींचं युनिट पास्कलच असल्याने पहिल्या नजरेत कुणाला संशयही येत नाही.

पुस्तक मात्र धो धो खपलं. रोझेंच्या हयातीतच पुन्हा पुन्हा छापावं लागलं, आणि म्हातारबुवा प्रत्येक वेळी समासात नवे शब्द लिहीत राहिले. मधल्या वेळात बुद्धिबळातल्या घोड्याने पटाच्या प्रत्येक घरात एकदाच कसं जायचं, तो प्रश्न सोडवण्याचाही त्यांना नाद होता. १२ सप्टेंबर १८६९ रोजी वेस्ट मॅल्व्हर्न इथे ते वारले. वय नव्वद. शब्दांची भर घालणं शेवटपर्यंत चालू होतं.

पेटी घरातच राहिली. मुलगा जॉन लुइस वकील होता. त्याने १८७९ मध्ये वाढवलेली आवृत्ती काढली आणि शेवटची सूची भरपूर मोठी केली, कारण लोक वडिलांच्या सहा वर्गांच्या तत्त्वज्ञानातून वाट काढण्यापेक्षा सरळ सूचीतच शब्द शोधत होते. त्याच्यानंतर काम आलं नातवाकडे. नातवाचं नाव पणजीच्या भावावरून, म्हणजे त्या खचून गेलेल्या मामावरून, सॅम्युएल रोमिली ठेवलेलं. हा नातू इंजिनिअर झाला. त्याने आजोबांचा थिसॉरस तर पुढे चालवलाच, पण १९२० च्या दशकात स्वतःचंही एक पुस्तक काढलं, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमधल्या शब्दांचा कोश. त्यात प्रत्येक शब्दापुढे व्याख्या होती.